जॉन रीथ : नभोवाणीचा कर्मठ कारभारी

आमच्या घरी भिंतीवरच्या घड्याळापेक्षा रेडिओवर विश्वास अधिक. आजोबा सकाळच्या बातम्यांआधी वाजणाऱ्या त्या बारीक ठोक्यांवर घड्याळ लावीत. आणि घड्याळ दोन मिनिटे मागे निघाले, तर दोष नेहमी घड्याळाचाच असे. रेडिओ चुकेल, अशी शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. वेळेच्या बाबतीत हा विश्वास रास्तच होता. पण ठोके संपून बातम्या सुरू झाल्या, की त्यांच्यावरही तितकाच विश्वास ठेवावा काय? आणि ठेवावा, तर तो कोणाच्या भरवशावर?

या प्रश्नाशी एका माणसाने साडेपंधरा वर्षे झुंज घेतली. बातम्यांआधीचे ते ठोकेही त्याच्याच कारकिर्दीत, ५ फेब्रुवारी १९२४ रोजी, ग्रिनिच वेधशाळेच्या साहाय्याने प्रथम लंडनहून वाजले. त्याचे नाव जॉन चार्ल्स वॉल्शम रीथ. बी.बी.सी. ही तीन अक्षरे आज जगभर ठाऊक आहेत. ज्याने त्या अक्षरांना वजन आणले, त्याचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

रीथचा जन्म २० जुलै १८८९ रोजी स्कॉटलंडमधील स्टोनहेवन या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील ग्लासगोच्या एका मोठ्या चर्चचे धर्मोपदेशक. सात भावंडांत जॉन सर्वांत धाकटा, आणि तोही वरच्या भावंडांपेक्षा बराच लहान. त्यामुळे भरल्या घरातही तो एकटाच वाढला. घरात रविवारी खेळ नाही, हसणे-खिदळणे नाही. आपल्याकडील एखाद्या वैदिकाच्या घरातले सोवळे परवडले, असा तो शिस्तीचा वाडा होता. वडिलांवर त्याची अपार भक्ती होती आणि परमेश्वराने आपल्याला काही मोठ्या कार्यासाठी जन्माला घातले आहे, ही समजूत लहानपणीच त्याच्या मनात पक्की झाली. ते कार्य कोणते, हे मात्र त्याला वयाच्या तेहेतिसाव्या वर्षापर्यंत उमगले नाही.

शाळा संपली तेव्हा विद्यापीठात जाण्याची त्याची इच्छा होती. वडिलांनी ठरविले, की मुलाने काही हातचे काम शिकावे. त्याला ग्लासगोच्या आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लावण्यात आले. पदवी न मिळाल्याचे शल्य त्याने जन्मभर जपले. पुढे अनेक विद्यापीठांनी सन्मानाने पदव्या दिल्या, तरी ते शल्य गेले नाही. आपल्यापैकी ज्यांना आवडीची शाखा सोडून घरच्यांनी ठरविलेली शाखा घ्यावी लागली, त्यांना रीथचे हे दुःख समजायला वेळ लागू नये.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये होता. १९१५ च्या ऑक्टोबरात शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्याचा गाल फोडून गेली. तो वाचला, पण डाव्या गालावरचा मोठा व्रण कायम राहिला. साडेसहा फूट उंची, दाट भुवया आणि गालावर तो व्रण! या माणसासमोर उभे राहताना भल्याभल्यांची गाळण उडे. बरे झाल्यावर सरकारने त्याला अमेरिकेत पाठविले. तिथे फिलाडेल्फियाजवळच्या कारखान्यांत ब्रिटनसाठी तयार होणाऱ्या रायफली तपासण्याचे काम त्याच्याकडे होते. युद्धानंतर त्याने स्कॉटलंडमध्ये एका कारखान्याची व्यवस्था पाहिली, १९२१ साली म्यूरिएल ओडॅम्स हिच्याशी लग्न केले आणि १९२२ साली काम शोधत तो लंडनला आला.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. नव्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीला एक सरव्यवस्थापक हवा होता. रीथने अर्ज लिहिला आणि आपल्या क्लबातल्या टपालपेटीत टाकला. मग त्याला सुचले, की अर्ज ज्यांच्याकडे जाणार ते सर विल्यम नोबल कोण, हे तरी पाहावे. चरित्रकोशात पाहिले तर ते ॲबर्डीनकडचे निघाले. रीथने पेटीतून अर्ज परत मिळविला आणि आपलेही घराणे मूळचे ॲबर्डीनकडचे, अशी पुस्ती जोडून नव्याने टाकला! पुढे ज्याने सचोटीच्या नावाने इतरांना धारेवर धरले, त्याच्या कारकिर्दीचा आरंभ असा गाववाल्याच्या ओळखीने झाला. १४ डिसेंबर १९२२ रोजी त्याची निवड झाली. गंमत अशी, की ब्रॉडकास्टिंग म्हणजे नेमके काय, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते. मुलाखतीतही कोणी ते विचारले नाही.

अर्थात त्या वेळी ते कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. मार्कोनी आणि तिच्यासारख्या सहा बड्या कंपन्यांनी मिळून ही कंपनी काढली होती, ती रेडिओचे संच खपावेत म्हणून. ऐकायला काही असल्याशिवाय संच कोण विकत घेणार? म्हणून थोडे गाणे, थोडे बोलणे, बाकी सारा व्यापार. अमेरिकेत तर शेकडो केंद्रांची एकच झुंबड उडाली होती आणि १९२२ च्या ऑगस्टपासून तेथे पैसे घेऊन जाहिराती ऐकविणेही सुरू झाले होते. रीथ कामावर रुजू झाला तेव्हा त्याच्यासह अवघी चार माणसे होती आणि बसायला एक लहानशी खोली. एवढ्याशा जागेतून या माणसाने सहा कंपन्यांच्या दुकानदारीचे राष्ट्रीय संस्थेत रूपांतर केले, हे त्याचे खरे कर्तृत्व होय.

त्याचा विचार थोडक्यात असा होता. आकाशातील लहरी ही साऱ्या देशाची मालमत्ता आहे. ती नफ्यासाठी वापरू नये. देशात ध्वनिक्षेपण करणारी संस्था एकच असावी, म्हणजे खेड्यातल्या माणसालाही राजधानीतल्या माणसासारखेच ऐकायला मिळेल. तिचा खर्च जाहिरातींतून नव्हे, तर श्रोत्यांच्या परवान्यातून चालावा. हा परवाना तेव्हा वर्षाला १० शिलिंगांचा होता. आणि जे ऐकवायचे, ते उत्तमच असावे. लोकांना काय आवडते हे विचारून तेवढेच द्यायचे ठरविले, तर त्यांची आवड आहे तिथेच राहील, असे तो मानी. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन हे तीन शब्द पुढे जगभरच्या नभोवाणी केंद्रांचे ब्रीद झाले. मात्र रीथच्या यादीत मनोरंजनाचा पाट नेहमी शेवटी मांडलेला असे.

कामाचा उरक दांडगा होता. १९२३ साली वृत्तपत्रमालकांनी रेडिओचे कार्यक्रम फुकट छापायचे नाकारले, तेव्हा त्याने त्याच सप्टेंबरात ‘रेडिओ टाइम्स’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. ते अल्पावधीत अफाट खपू लागले. २३ एप्रिल १९२४ रोजी वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनातून राजा पाचवा जॉर्ज याचे भाषण त्याने घरोघर पोहोचविले. ब्रिटिश राजाचा आवाज रेडिओवर त्या दिवशी प्रथम उमटला. १९२५ साली डॅव्हेंट्री येथे लांब पल्ल्याचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले आणि देशाचा फार मोठा भाग ध्वनिकक्षेत आला. बातम्यांवर मात्र बंधन होते. वृत्तपत्रांच्या खपाला धक्का लागू नये, म्हणून सायंकाळी ७ वाजण्यापूर्वी बातम्या द्यायच्या नाहीत आणि त्याही वृत्तसंस्थांकडून आलेल्याच द्यायच्या, अशी ती अट होती.

हे बंधन तुटले ते १९२६ च्या मे महिन्यात, आणि तीच रीथच्या आयुष्यातील कसोटीची घटका ठरली.

खाणमालकांनी मजुरी कमी करण्याचा घाट घातला होता. खाणकामगारांच्या पाठीशी इतर कामगार संघटना उभ्या राहिल्या आणि ३ मेच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. आगगाड्या थांबल्या, ट्रॅम थांबल्या, छापखाने थांबले. वर्तमानपत्र नाही म्हटल्यावर साऱ्या देशाचे कान रेडिओकडे लागले. रोज पाच वेळा बातमीपत्रे जाऊ लागली. सरकारने विन्स्टन चर्चिल यांच्या देखरेखीखाली स्वतःचे पत्र काढले होते. नभोवाणीही ताब्यात घेऊन सरकारची बाजू दणक्यात मांडावी, असा चर्चिल यांचा आग्रह होता. तसा अधिकार सरकारला कायद्याने होताही.

रीथने विरोध केला. सरकारने एकदा ताबा घेतला, की लोकांचा विश्वास उडेल आणि मग त्या यंत्राचा सरकारलाही उपयोग उरणार नाही, हा त्याचा मुद्दा होता. पंतप्रधान बाल्डविन यांना तो पटला. नभोवाणी ताब्यात घेतली गेली नाही. बातमीपत्रांत सरकारच्या निवेदनांबरोबर कामगार संघटनांची निवेदनेही वाचली गेली.

येथवर कथा ऐकली, की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. पण रामशास्त्र्यांशी ही तुलना पुढे टिकत नाही. दोन्ही पक्षांनी तडजोड करावी, असे आवाहन कँटरबरीच्या आर्चबिशपना रेडिओवरून करायचे होते. पंतप्रधानांची मर्जी नाही असे कळताच रीथने त्यांना नकार दिला. त्यांना बोलता आले ते संप संपता संपता, ११ मे रोजी. विरोधी पक्षनेते रॅम्से मॅक्डोनल्ड यांना बोलू द्यावे, असे रीथला स्वतःला वाटत होते. त्याने सरकारकडे विचारणा केली, नकार आला आणि तो नकार त्याने मुकाट्याने पाळला. उलट बाल्डविन यांचे भाषण ८ मे रोजी खुद्द रीथच्या घरून प्रक्षेपित झाले आणि त्या भाषणात काही शब्द रीथनेच सुचविले होते. १२ मे रोजी संप मागे घेतल्याची बातमीही त्यानेच वाचली.

स्वतःच्या रोजनिशीत त्याने आपली भूमिका प्रांजळपणे नोंदविली. नभोवाणी लोकांची, सरकारही लोकांचे. तेव्हा संकटात नभोवाणीने सरकारच्या बाजूने असणे ओघानेच येते, असे त्याचे तर्कट होते. आपण खऱ्या अर्थाने तटस्थ राहणार नाही हे सरकारला ठाऊक होते, हेही त्याने लिहून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर १९७५ साली या रोजनिशीचा काही भाग प्रसिद्ध झाला, तेव्हा ही कबुली जगापुढे आली.

मग रीथला काय म्हणावे? त्याने नभोवाणीचे स्वातंत्र्य वाचविले, की ते वाचविण्यासाठी गहाण टाकले? त्याच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, की नभोवाणीला सार्वजनिक महामंडळाचे रूप द्यावे, ही शिफारस नुकतीच झाली होती; राजाची सनद यायची होती. त्या मे महिन्यात सरकारशी उघड वैर पत्करले असते, तर सनद आली नसती आणि पुढचे काहीच घडले नसते. विरुद्ध बाजूने सांगण्यासारखे असे, की संपकरी मजुराच्या घरी ज्याने काटकसरीने संच आणला होता, त्याला आपल्या नेत्याचा आवाज त्या नऊ दिवसांत एकदाही ऐकू आला नाही. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक बोचते. तथापि पहिली खोटी आहे, असेही म्हणवत नाही.

१ जानेवारी १९२७ रोजी कंपनीचे महामंडळ झाले. रीथ पहिला महासंचालक झाला, ‘सर’ झाला. पुढची अकरा वर्षे त्याची सत्ता निर्वेध चालली. वार्तापत्र वाचणारा निवेदक श्रोत्यांना दिसत नाही, तरीही सायंकाळी त्याने मेजवानीचा पोशाख घालूनच ध्वनिक्षेपकासमोर बसावे, असा दंडक होता. शब्दांचे उच्चार ठरविण्यासाठी १९२६ साली समिती नेमली गेली. तिचे पहिले अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस होते आणि बर्नार्ड शॉ हेही तिच्यात होते. १९३२ साली लंडनमध्ये ब्रॉडकास्टिंग हाऊसची भव्य वास्तू उभी राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लघुलहरींवरून साम्राज्यासाठी वेगळी सेवा सुरू झाली. १९३६ साली आठव्या एडवर्डने सिंहासन सोडले, तेव्हा विंडसर किल्ल्यातून जगाला त्याची ओळख करून देणारा आवाज रीथचाच होता.

सोवळे मात्र फार कडक. डॅव्हेंट्रीचे केंद्र उभारण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या प्रमुख अभियंता पीटर एकर्सलीला १९२९ साली घटस्फोटाच्या प्रकरणावरून नोकरी सोडावी लागली. भाषण विभागाला ज्या बाईंनी नावारूपाला आणले, त्या हिल्डा मॅथेसन यांचे आधुनिक साहित्यावरच्या कार्यक्रमांवरून रीथशी खटके उडाले आणि त्याही राजीनामा देऊन गेल्या. रविवारी तर धार्मिक प्रवचने आणि गंभीर संगीत यांखेरीज जवळजवळ काही नसे. परिणाम काय झाला? रविवार उजाडला, की इंग्लंडचे लाखो श्रोते संचाची खुंटी पिळून परदेशातील रेडिओ लक्झेंबर्ग आणि रेडिओ नॉर्मंडी लावू लागले.

ही गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. १९५२ ते १९६२ या काळात आपले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताची प्रतिष्ठा वाढविली आणि चित्रपटगीतांना जवळपास दार बंद केले. तेव्हा घराघरांतील काटे रेडिओ सिलोनकडे वळले. अखेरीस १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांच्या काळात ज्यांना अभिजात गाणे ऐकायला मिळाले, ते त्यांना दुवा देतात. ज्यांची फिल्मी गाणी गेली, ते अजून नावे ठेवतात. रीथचेही तेच झाले. चांगले ते लोकांच्या गळी उतरवावे, हा हेतू थोर. पण उतरविणाऱ्याने अधूनमधून ऐकणाऱ्याच्या तोंडाकडेही पाहावे लागते.

हिंदुस्थानशी रीथचा संबंध एवढ्यावर संपत नाही. या खंडप्राय देशात नभोवाणी केवढे काम करील, हे त्याने विसाच्या दशकातच ओळखले होते आणि इंडिया ऑफिसच्या तो सारखा मागे लागला होता. इकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, पण १९३० च्या मार्चमध्ये ती कंपनी बुडाली आणि केंद्रे सरकारने घेतली. पुढे १९३५ साली रीथच्या हाताखाली तयार झालेले लायोनेल फील्डन दिल्लीला नियंत्रक म्हणून आले. १९३६ च्या जूनपासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले, ते त्यांच्याच खटपटीने. त्यांच्यानंतर आलेले अहमद शाह बुखारी, म्हणजे उर्दूतील नामांकित विनोदी लेखक पत्रस. तेव्हा आपल्या आकाशवाणीच्या घडणीत रीथच्या तालमीचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. खुद्द रीथच्या मनात तर हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होण्याची आकांक्षा होती. ती पुरी झाली नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे.

हिंदुस्थानच्याच प्रश्नावरून त्याचे चर्चिल यांच्याशी असलेले वैर वाढले. हिंदी लोकांना राजकीय सुधारणा देण्यास चर्चिल कडाडून विरोध करीत होते आणि तो विरोध त्यांना रेडिओवरून गाजवायचा होता. प्रसंगी पदरचे पैसे मोजायची तयारीही त्यांनी दाखविली. पैसे घेऊन वेळ विकण्याची पद्धत येथे नाही, या भूमिकेवर रीथ ठाम राहिला. चर्चिल यांना या विषयावर बोलायला मिळाले ते १९३५ च्या जानेवारीत. ही अढी चर्चिल विसरले नाहीत.

१९३८ साली रीथच्या आयुष्याने उलटे वळण घेतले. पंतप्रधान चेंबरलेन यांनी त्याला इंपीरियल एअरवेज या विमान कंपनीचे अध्यक्षपद देऊ केले. महामंडळ आता घडी बसून चालले होते. परवान्यांची संख्या ८० लाखांच्या पुढे गेली होती आणि रीथला वाटत होते, की आपली पुरती शक्ती वापरली जात नाही. त्याने होकार दिला. ३० जूनच्या रात्री तो ड्रॉइटविच येथील प्रक्षेपण केंद्रावर गेला, दिवसाचे प्रक्षेपण संपताच स्वतःच्या हाताने यंत्र बंद केले आणि भेटवहीत आपल्या नावापुढे माजी असे लिहून बाहेर पडला. वय अवघे ४८.

त्यानंतरची ३३ वर्षे त्याने त्या एका रात्रीबद्दल हळहळत काढली. १९४० साली तो माहिती मंत्री झाला. मे महिन्यात चर्चिल पंतप्रधान होताच त्याला तेथून हलविण्यात आले. मग वाहतूक, मग बांधकाम. आणि १९४२ च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळातून डच्चू. युद्धकाळात नौदलात हुद्दा पत्करून त्याने नॉर्मंडीच्या स्वारीच्या तयारीतील साधनसामग्रीची कामे चोख केली. युद्धानंतर नवी शहरे वसविण्याच्या समितीचे अध्यक्षपद, १९५० ते १९५९ वसाहत विकास महामंडळाचे अध्यक्षपद. दुसऱ्या कोणाचे आयुष्य यांतल्या एकेका पदाने सार्थकी लागले असते. रीथला मात्र सगळीच कामे थिटी वाटत. रोजनिशीची पाने चर्चिलवरच्या आणि स्वतःच्या वारसदारांवरच्या रागाने भरत गेली. तिसाच्या दशकात हिटलर-मुसोलिनी यांच्या कार्यक्षमतेचे कौतुकही याच रोजनिशीत सापडते, हे लपवून चालणार नाही. शिस्तीची अति आवड माणसाला कोठवर नेते, याचा तो पुरावा आहे. घरातही तो प्रेमळ नव्हता. त्याच्या मुलीने पुढे लिहिलेल्या पुस्तकात त्याच्या तऱ्हेवाईक, कोरड्या वागण्याची हकिकत आली आहे.

१९५२ साली जाहिरातींवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीचा प्रश्न आला, तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात त्याने त्या कल्पनेची गणना देवी आणि प्लेग यांसारख्या साथींच्या पंगतीत केली. कोणी ऐकले नाही. १९५५ साली ती दूरचित्रवाणी सुरू झाली. १६ जून १९७१ रोजी एडिंबरो येथे रीथचे निधन झाले.

त्याच्या नावाची व्याख्यानमाला १९४८ पासून बी.बी.सी.वर चालत आली आहे. पहिले व्याख्याते बर्ट्रांड रसेल होते; २००३ साली मूळचे तामिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी ती व्याख्याने दिली. पण रीथचे खरे स्मारक हे नव्हे. नभोवाणी सरकारचीही नव्हे आणि दुकानदाराचीही नव्हे, ती ऐकणाऱ्याची, हा विचार हे त्याचे स्मारक. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत आपली आकाशवाणी सरकारच्या मुठीत गेली, तेव्हा या विचाराची किंमत आपल्याला कळली. त्यातूनच १९७८ चा वर्गीस समितीचा अहवाल आला, १९९० चा प्रसार भारती कायदा आला आणि तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. कायदा आला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. १९२६ च्या त्या नऊ दिवसांत रीथपुढे जो पेच पडला, तो प्रत्येक पिढीतल्या ध्वनिक्षेपकामागे बसलेल्या माणसापुढे नव्याने पडतो.

आजोबा आता नाहीत. त्यांचा संच अजून आहे आणि चालतो. ठोके वाजतात, मी हातातल्या घड्याळाकडे पाहतो आणि वेळ बरोबर निघते. पुढच्या बातम्या मात्र मी आजोबांसारखा डोळे मिटून ऐकत नाही. ही बातमी सांगणाऱ्याला आज कोणाला नकार द्यावा लागला असेल, आणि कोणाला देता आला नसेल, हा विचार मनात येतो. रीथचे आयुष्य वाचल्यापासून ही खोड लागली आहे. ती आपणा सर्वांनाच लागली, तर बरे होईल.